जोकरचं पाणी

अवधूत : थांबा बायडाबाई, काचेला फडकं लावू नका. जोकर मासा आधीच घाबरलाय.

बायडाबाई : घाबरला न्हाई, खंगलाय. कालपासनं त्या दगडामागंच हाय. खाल्लं का कायी?

अवधूत : चार दिवस दाण्याला शिवला नाही. पाणी तर बरोबर आहे. हा बघा मीटर. मिठाचं प्रमाण अगदी चोख.

बायडाबाई : पैले दोन मेले तवा बी चोखच हुतं की! समुद्रातलं जित्राब नगरच्या उन्हात आनायचंच कशाला?

अवधूत : टोचून बोलू नका हो. निवेदितानं माहेरी जाताना बजावलंय, हाही गेला तर टाकी विकायची. रविवारी येतेय ती.

बायडाबाई : आन बादलीत काय कालवताय?

अवधूत : समुद्राचं मीठ. या उन्हात रोज दोन तांबे पाणी उडून जातं. तेवढी भर घालतो.

बायडाबाई : खाऱ्या पान्याची?

अवधूत : मग? खाऱ्या टाकीत खारंच पाणी घालणार ना!

बायडाबाई : दादा, आमटी आटली तर तिच्यात मिठाचं पानी वतता का साधं?

अवधूत : साधं.

बायडाबाई : का?

अवधूत : कारण मीठ काही उडत नाही, उडतं ते नुसतं पाणी...

बायडाबाई : बोला की फुडं.

अवधूत : अहो, पण मग मीटरचा काटा कसा नाही हलला?

बायडाबाई : बोट बुडवून चाखते. थू! थू थू! आमच्या तिसगावला खारातल्या कैऱ्या बी येवढ्या खारट नसत्यात!

अवधूत : थांबा, मीटर प्यायच्या पाण्यात बुडवून बघतो. अरे! काटा तिथंच! साध्या पाण्यातसुद्धा तिथंच! मिठानं चिकटून बसलाय हा.

बायडाबाई : तुमी नागापूरला कंपनीत काय काम करता?

अवधूत : मापाची यंत्रं तपासतो. बरोबर असली की हिरवं लेबल लावतो.

बायडाबाई : ह्याला लावलं का?

अवधूत : हसू नका. म्हणजे ते दोघं मीच मारले. माझ्या हातानं, रोज दोन-दोन तांबे घालून.

बायडाबाई : व्हय. पर ह्यो जित्ता हाय. रडायचं मागनं बघू. वता ती बादली मोरीत.

अवधूत : टाकीतलं पाणी एकदम नाही बदलता येणार, त्या धक्क्यानंच मरेल. एक तांब्या खारं काढायचं, एक तांब्या फिल्टरचं घालायचं. दिवसातून तीनदा. आणि माझी तर ड्यूटी...

बायडाबाई : मी हाय की. चपात्या लाटता लाटता घालीन.

(रविवारी दुपारी.)

निवेदिता : अहो, बॅग तरी घ्या हातातून! दोघं काचेला नाक लावून काय बसलाय?

अवधूत : श्श! इकडे ये. बायडाबाई, टाका चिमूटभर.

बायडाबाई : आला! आला भायेर! अगं बया, वरच्या वर हिसकून घेतलं की!

अवधूत : खाल्लं! सकाळी एकच दाणा उचलला होता, आता बघ कसा ताव मारतोय! जिंकलो बायडाबाई, जिंकलो!

निवेदिता : आई गं, कसला केशरी दिसतोय! आणि मी भावाला सांगून आलेय, टाकीला गिऱ्हाईक बघ म्हणून.

बायडाबाई : ताई, त्यास्नी फोन लावा. टाकी जायाची न्हाई म्हनावं.

निवेदिता : हे तुम्ही सांगताय? यांनी काय जादू केली एवढी?

अवधूत : मी काही नाही केलं. मी तर त्याला मारायलाच बसलो होतो. यांनी वाचवला.

निवेदिता : बायडाबाई, ही टाकी पुसून कंबर गेली म्हणून तुम्हीच कुरकुरत होता ना? आता एकदम यांच्या बाजूनं?

बायडाबाई : यांच्या न्हाई आन तुमच्या बी न्हाई. मी माशाच्या बाजूची.