येळकोट म्हणायचं न्हाय

हसू नका, पण आमच्या अणदूरच्या गल्लीत महिनाभर ‘येळकोट’ म्हणायला बंदी होती. शेजारच्या अप्पांच्या वाघ्या कुत्र्याला सवयच तशी. येळकोट ऐकलं की मागच्या दोन पायांवर उभा! आन् त्याच्या मागच्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, "उभा राहिला तर गुडघा परत जाईल."

मग मीच दारोदार जाऊन सगळ्यांना दम दिला. टाके चाटू नयेत म्हणून अप्पांनी त्याच्या तोंडाला वासराचं मुसकं बांधलं.

एक दिवस बघते तर वाघ्या चारी पाय टेकवून चालतोय! आनंदानं माझ्याच तोंडून निघालं, "येळकोट येळकोट!"

वाघ्या उठणार, तेवढ्यात अप्पांनी त्याला मिठी मारली. गुडघा वाचला. मग अप्पांनी वाघ्याचं मुसकं सोडून माझ्यापुढं धरलं, "ताई, हे तुमच्या मापाचं हाय का बघा."