पंखा नसलेलं कपाट

बाबा : हे सर्व्हरचं कपाट मी ताब्यात घेणार नाही. आत कुठलातरी पंखा शिट्टी मारतोय.

मुलगी : बाबा, आमच्या कंपनीच्या या सर्व्हरना पंखेच नाहीत. गार ठेवायला पाण्याच्या नळ्या आहेत. साप साप म्हणून भुई धोपटताय तुम्ही.

बाबा : मला शिकवू नकोस. जुन्या सर्व्हर हॉलमध्ये शेकडो मशिनं बोंबलायची. त्यातला कुठला पंखा मरायला टेकलाय, ते मी डोळे मिटून सांगायचो. उगाच कानसेन म्हणत नाहीत मला.

मुलगी : आणि कानात बोळे घाला म्हणून आई कानीकपाळी ओरडायची.

बाबा : बोळे घातले असते तर पंखे कुणी ऐकले असते? लेकीचा माल म्हणून मी डोळेझाक करणार नाही.

मुलगी : नकाच करू. अख्खा जुना हॉल या एका कपाटात मावलाय, पण प्रत्येक सर्व्हर ड्रॉवरसारखा बाहेर येतो. एकेक ओढून बंद करते. शिट्टी थांबली की सांगा.

बाबा : ओढ. हा नाही. हाही नाही. पुढचा.

मुलगी : हा शेवटचा.

बाबा : अजून आहे. मागे वीज देणारा डबा आहे ना, त्यात असणार.

मुलगी : मग मेन स्विच तुम्हीच पाडा.

(तो स्विच पाडतो. कपाटावरचे सगळे दिवे विझतात.)

बाबा : बघ, वाजतंय. ऐकू येत नाही तुला?

मुलगी : बाबा, कपाट बंद आहे.

बाबा : मग एसी असेल.

मुलगी : तो जुन्या हॉलबरोबरच काढला. इथे आता काहीच चालू नाही.

बाबा : काहीच नाही?

मुलगी : दोन्ही हातांनी कान झाका बरं. थांबलं?

बाबा : वाढलं.

मुलगी : बसा. या खोक्यावर बसा. पाणी आणते.

बाबा : नको, जाऊ नकोस. हे घरीही वाजतं गं. जेवताना, झोपताना.

मुलगी : आणि तुम्ही बोलला नाहीत?

बाबा : बोललो की. फ्रिज वाजतोय म्हणालो. तुझी आई म्हणायची, नाही वाजत. तिला मी बहिरी म्हणालो. चारचौघांत म्हणालो.

मुलगी : उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते.

बाबा : जाऊ. आमच्या साहेबांना सांग, कपाट घेतलं. आवाज नाही म्हणावं.

मुलगी : सांगते. चला आता घरी.

बाबा : पहिल्या पगारातून घेतला होता तुझ्या आईने तो फ्रिज. मी भंगारात घालायला लावला. चांगला चालत होता गं तो.