मूठ माझ्या हातात आहे

हॅलो?… हां, बोल गं… नाही, मोकळीच आहे. बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसलेय… कारण तुझे भाऊजी आत आहेत… अंघोळ कसली! अडकलेत…

हो, हो… अगं ऐक ना! सकाळपासून या दाराची मूठ दुरुस्त करत होते. "सुतार कशाला? आपले हात काय मोडलेत?" मग आत जाऊन दार लावून बघितलं. बसलं की घट्ट! आतली मूठ पडली खाली, बाहेरची सळईसकट माझ्या हातात…

छे गं, सोपं आहे. सळई भोकात घालायची, फिरवायची, दार उघडतं. त्यांनीच आतून दोनदा समजावलं… मग काय? नाही उघडत मी.

हसतेस काय?… अहो, ओरडू नका! माझ्या बहिणीचा फोन आहे!… काय म्हणत होतीस?… हो, पंखा त्यांनीच नीट केला, फिरतोय बिचारा. मिक्सरही चालतोय. मी कुठे नाही म्हणते? कौतुक ऐकून ऐकून कान किटले… पण खुर्ची?

कुठली काय विचारतेस?… तीच. आईची. निखळलेल्या पायाला नुसता गोंद फासला, आणि तो वाळायच्या आत म्हणाले, "बसा, आता हत्ती बसला तरी मोडणार नाही." आई आपटली, खुब्याचं हाड मोडलं, तरी यांचं आपलं एकच, "त्या बसल्याच वाकड्या." अजून सांगतात. पाहुण्यांना. हसत हसत…

दया? मला नाही येत. तिकडे आईला संडासला जायचं तर तुझी वाट बघावी लागते. यांना निदान ती सोय आतच आहे…

आई जागी आहे?… मग टाक स्पीकरवर. मी फोन दाराला लावते… अहो, बोला… मोठ्याने, तिला कमी ऐकू येतं… "चूक झाली" नाही चालणार. कोणाची?… हां, तुमची. आणि गोंद?… ओला होता. आणि आई कशी बसली होती?… ऐकू नाही आलं… सरळ. पुन्हा म्हणा… सरळ बसली होती. शाब्बास.

अगं, रडताहेत की काय?… नाही, नळ गळतोय. तोही त्यांनीच दुरुस्त केलाय.

ऐकलं का आईने?… काय म्हणाली?… परत सांग… "माझी झोप झाली की उघड"?… असं म्हणाली? आपली आई?…

बरं. उशी नीट दे तिला. पडदा ओढ. आणि सावकाश ऊठ म्हणावं, इकडे कसलीच घाई नाही…

अहो, ऐकलंत ना? आई झोपतेय. दार वाजवू नका.

चल, ठेवते गं.