आबाचं अळणी वांगं

(इंझोरीच्या शिवारात, आंब्याखाली गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पंगत. पत्रावळ्या मांडून झाल्या आहेत, वाढप व्हायचं आहे. टोकाला मारोतराव आबा आणि त्यांचा नातू लखन; समोर लखनसाठी पाहिलेल्या पोरीकडचे पाहुणे. वाढायला शेजारची बेबीताई.)

लखन : ...हळू बोल ना आबा. अनसिंगचे पाव्हणे समोरच बसले.

मारोतराव : बसू दे. पोरीचा मामा हाय, फौजदार नाई. सकाळी गोळी घेतली का?

लखन : घेतली.

मारोतराव : खोटं बोलनं माहा धंदा हाय, तू कायले हात घालतं त्यात? पाकीट पाह्यलं म्या. सोमवारपासून जसंच्या तसं हाय.

लखन : मले काहीच होत नाई ना पन! डोकं दुखत नाई, चक्कर येत नाई. पंचवीस वर्साचा मानूस म्हाताऱ्याच्या गोळ्या काहून खाईन?

मारोतराव : वाशिमचा डाक्टर काय म्हन्ला होता?

लखन : दाबाच्यानं हृदयाची भिंत जाड झाली म्हने.

मारोतराव : अन् गोळी सोडली तं?

लखन : ...हृदय थकीन म्हने. एक दिवस.

बेबीताई : काय वो आबा, बीपी काय म्हन्ते तुमचं?

मारोतराव : काय सांगू बेबी! परवा पट्टी बांधली तं पारा काच फोडून आढ्याले लागला. डाक्टर शिडी लावून आकडा वाचून राह्यला होता.

बेबीताई : अव माय! मंग?

मारोतराव : मंग काय, शिडी पुरली नाई.

बेबीताई : म्हनूनच तुमचं वांगं येगळं शिजवलं. मिठाचा खडा नाई त्यात. लखन, तुले मातर खारातल्या मिरच्या दोन जास्त, तरना पोट्टा हायेस तू. आलीच मी, वरन उकळून राह्यलं.

मारोतराव : आयकलं? चार महिने झाले. एक तेरवी, एक बारसं, दोन लग्नं. सारा गाव मले अळणी वाढते.

लखन : घरात बीपीची मशीन कोनाची म्हनून लोकाइनं इचारलं, तवा तूच म्हन्ला, माही हाय. म्या सांगतलं होतं काय?

मारोतराव : म्हन्लो. तुह्या लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या. पोट्ट्याले बीपी हाय म्हन्लं का लोकं पोरीचा फोटो वापस मांगतात. माह्याकून कोन फोटो मांगते?

लखन : मंग आता काय बिघडलं?

मारोतराव : काल थे मशीन म्या माह्याच हाताले लावली, गम्मत म्हनून. एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर. ब्याऐंशीव्या वर्सी! तुले लावाले बलावलं तं तू गाडीले किक मारून पसार.

लखन : तुहं चांगलं हाय ना? झालं तं मंग.

मारोतराव : काय झालं? दाब तुले अन् पथ्य मले. अळणी खाऊन मी सुधरलो, मिरच्या खाऊन तू चढून राह्यला. एकाचा उपास दुसऱ्याले पावते, हे पोथीत ठीक हाय. छातीले पोथी समजत नाई बापा.

लखन : आजचा दिवस चूप बस आबा. बेस्तरवारी साक्षगंधाची तारीख निंगते, सोयरीक पक्की होते. मंग सांगू पोरीले, संस्कृतीले.

मारोतराव : मंग म्हन्जे लगन झाल्यावर. मंग लेकरू झाल्यावर. मंग मी गेल्यावर. मी मेलो का माहं बीपी कोन सांभाळीन बे?

लखन : मामा उठून जाईन ना!

मारोतराव : जाईन. रोडगे खाऊन जाईन पन.

लखन : तू जुळव ना काहीतरी. शिडी जुळवली, पारा जुळवला.

मारोतराव : वाघ म्हन, भूत म्हन, जुळवतो. हे मातर मले जुळवता येत नाई लखन.

बेबीताई : चाला चाला, गरम हाय तवर घ्या. हे आबाचं अळणी. अन् हे नवरदेवाचं, वरून मिरच्या. पाव्हणे, पाहा बरं आमचा पोट्टा कसा खाते!

लखन : बेबीताई.

बेबीताई : काय रे?

लखन : वाट्या बदला. अळणी माहं हाय.

बेबीताई : तुहं? अन् आबाचं बीपी?

लखन : थे बी माहंच हाय. चार महिन्यापासून.

बेबीताई : ...आबा, हा काय म्हनून राह्यला?

मारोतराव : मिरच्या इकडं टाक बाई. अन् पाव्हण्याइले वरन वाढ, त्याइचा हात थांबला.