तपासणीचं पाणी

न्हाई, मी हात लावायची न्हाई त्या बाटलीला. ठिवा खाली. तुमी पुन्याचं सायेब, आमच्या इहिरीचं पानी तपासायला आलाव न्हवं? मंग पोहरा घ्या, दोर घ्या, आन शेंदा आपल्या हातानं. चिखुल हाय म्हनता? आसंल. मागल्या मार्गशीर्षात बी व्हता. तवा त्या जांभळीखाली बसून ऱ्हायलाव — "आजी, येवढ्या चार बाटल्या भरून आना" — आन मी आनल्या. कुठनं भरल्या, इचारलं का? न्हाई इचारलं. चिठ्ठ्या डकवल्या आन गेलाव मोटारीत बसून.

वाकून बघा तरी. कसा रंग हाय? हळद कालवल्यावानी. माझ्या सासऱ्यानं फोडली ही इहीर, तळाचा खडा दिसायचा. दोन वरसाखाली त्यो कारखाना आला, सायकलीच्या दांड्यांना चकाकी द्यायचा — हौदातलं पिवळं पानी मागच्या खड्ड्यात सोडत्यात, आन खड्डा कदी भरत न्हाई. का भरत न्हाई? मुरमातनं झिरपून हितं येतंय म्हनून! माज्यावानी आडानी बाईला कळतंय, तुमाला बाटल्या लागत्यात.

ती पलीकडली भिंत दिसती न्हवं, ती कुशाबाईची. आमी दोगी एकाच साली लगीन हून पिंपरीत आलो. पानी पिवळं झालं तवा पैल्यांदा वरडली ती — "गोजे, हे मी गुराला बी पाजायची न्हाई." चावडीवर जाऊन अर्ज लिवून घेतला तिनं, त्या अर्जावर तर तुमी आला व्हता! तवर कुशी नदीवरनं हंडं आनायची. मंग तुमचा कागद आला — पानी पिन्याजोगं हाय. खाली शिक्का. चावडीत वाचला. "आपलंच सरकार हाय आता, खोटं कशाला लिवंल?" म्हनली, आन पुन्यांदा हितं दोर सोडला.

आता पडलीया. चार म्हैनं झालं, पोटात अन्न ठरत न्हाई, बोटांवर खोल खोल भोकं पडल्यात, चिंचोक्यायेवढी. काल पेज घेऊन गेले तर माझा हात धरला — "तू बी जप गं बाय, तू बी हेच पितीस." पेज तिथंच टाकून पळाले मी.

काय म्हनलाव? मला कसं काय झालं न्हाई?

नदीचं आनतो आमी. सून आनती, कुनी उठायच्या आत. माठ भरलेला आसतो — बघताव काय आसं? व्हय, त्याच माठातनं भरल्या तुमच्या बाटल्या! तुमचा कागद खोटा न्हवता, सायेब. पानी खोटं व्हतं.

तुमी यायच्या आदल्या दिशी दौलतराव आला व्हता, कारखान्याचा मुकादम. धमकी न्हाई दिली त्यानं. चा पिला, म्हनला — "इहीर वाईट निघाली तर कारखान्याला टाळं लागंल, आन तुमच्या बन्सीचं तर कायम व्हायचं चाललंय." येवढंच. उठून गेला. माझा येकुलता लेक, सायेब. झाला कायम. त्याच पिवळ्या हौदावर. आता रोज सकाळी उशीवर नाकातलं रगत आसतंय, आन म्हनतो, "आई, गरमी झालीया."

मंग तुमच्यावर का तापते? तापनारच! मी लेकाची आई, मी लबाडी करनार — तुमी शिकल्यालं न्हवं? सा पावलं हाय इहीर जांभळीपासनं, सा! एकदा वाकला आसता तर तिथंच माझं तोंड काळं झालं आसतं. झालं आसतं तर झालं आसतं. कुशी वाचली आसती — न्हाई, मेली न्हाई अजून. मेली न्हाई. माझ्या तोंडाला बी काय —

शेंदा. हां, भरा तोंडोतोंड. चिठ्ठीवर लिवा, गोजाबाईच्या इहिरीचं, सोता शेंदून घेतल्यालं. मागल्या बाटल्यांचं बी लिवा. बन्सीचं नाव नगा घालू — घाला, काय घालायचं त्ये घाला.

आता निघा. न्हाई, बांधावरनं नगा, कुशीच्या दारावरनं जा. जागी हाय ती. तिला सांगा, पानी कुठलं व्हतं आन कुनी भरलं. माझ्याच्यानं व्हत न्हाई. जावा म्हनते न्हवं!