कुशाबाईंच्या नावाचा डबा

भिगवण पोलीस ठाणे, दि. १ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

मी, श्रीमती शालन सर्जेराव लोंढे, वय ५६ वर्षे, व्यवसाय शिवणकाम, राहणार स्टेशन रोड, भिगवण, ता. इंदापूर, जि. पुणे. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन हजर राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. मुलगी लग्न होऊन बारामतीस आहे. माझे पती सर्जेराव यांची माइकची रिक्षा होती. बावीस वर्षे त्यांनी सर्व पक्षांचा प्रचार पुकारला. दि. ११ ऑक्टोबर रोजी पहाटे पाच वाजता छातीत कळ येऊन ते घरीच वारले. रिक्षा दारात उभी आहे. तिचा भोंगा अजून काढलेला नाही.

मी शाळेत गेलेली नाही. माझे पती दुसऱ्या दिवशी पुकारायचा मजकूर आदल्या संध्याकाळी घरी मोठ्याने वाचून बघत. मी शेजारी बसून कागदावर बोट फिरवत असे. त्यावरून मला वाचता येऊ लागले. आता मी रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. ज्या कागदाखाली छापखान्याचे व छापून घेणाऱ्याचे नाव नसेल, तो माझे पती पुकारत नसत. कागद हातात आला की ते आधी खालची ओळ बघत. मीही तसेच करते.

काल दि. ३१ जानेवारी रोजी सकाळी सातच्या सुमारास आलेल्या पेपरात एक पिवळे पत्रक निघाले. त्याच्या खाली कोणाचेही नाव नाही. पंचायत समितीचे उमेदवार आबासाहेब खबाले, राहणार कळस, यांच्याविषयी त्यात असे छापले आहे की, "ज्या सर्जेरावांनी यांचा भोंगा वाहिला, त्यांच्या मयतीनंतर हे त्या घराकडे फिरकले नाहीत. तेराव्याला सुद्धा आले नाहीत. अडाणी विधवा दारात वाट पाहत बसली."

याबाबत माझे म्हणणे असे की, आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात तेरावा नसतो. पाचव्या दिवशी जलदान विधी व पुण्यानुमोदन झाले. म्हणजे पत्रक लिहिणारा माणूस आमच्या घरी आलेला नाही. मी दारात बसलेली नव्हते. मी अडाणी नाही.

आबासाहेब दि. १३ ऑक्टोबर रोजी, तिसऱ्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास आले होते. सोबत त्यांचे कार्यकर्ते जोतीराम होते. जोतीराम दारात म्हणाले, "आबा, एक फोटू घिऊ का? पुढं कामाला यील."

आबासाहेब म्हणाले, "जोतीराम, मयताच्या घरात हाय आपण. फोन गाडीत ठिवून ये, न्हायतर तूबी गाडीतच बस." जोतीराम गाडीत बसले.

आबासाहेबांनी चार पुडांचा स्टीलचा डबा आणला होता. ते म्हणाले, "वैनी, आईनं भाकरी दिलीया. म्हणली, तू बसल्याशिवाय त्या जेवणार न्हाईत." मी दोन दिवस जेवले नव्हते. ते माझ्यासमोर जमिनीवर बसून जेवले. आमच्या तांब्यातले पाणी प्याले. निवडणुकीचा विषय निघाला नाही. सुमारे पाऊण तास बसून ते गेले.

समोरचे उमेदवार पाचव्या दिवशी आले होते. त्यांच्याबरोबरच्या लोकांनी काढलेला माझा फोटो त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर फिरला. तेही आले, हे मला मान्य आहे. पत्रक कोणी छापले ते मला ठाऊक नाही. मी कोणावर संशय घेत नाही.

मागच्या निवडणुकीत त्या वेळच्या विरोधकाच्या मुलीविषयी वाईट मजकूर आबासाहेबांच्याच एका माणसाने माझ्या पतींकडे पुकारायला आणून दिला होता. माझ्या पतींनी तो न पुकारता आबासाहेबांना दाखवला. आबासाहेबांनी तो आमच्या ओट्यावर बसून फाडला व म्हणाले, "सर्जेराव, लोकांच्या लेकीबाळी आपल्या भोंग्यात नगंत." ते एकसष्ट मतांनी पडले. निकालाच्या संध्याकाळी माझे पती पुकारायचे काही नसताना रिक्षा घेऊन कळसला त्यांच्या घरी गेले व जेवून आले. दुसऱ्या कोणत्याही पडलेल्या उमेदवाराकडे ते गेल्याचे मला आठवत नाही.

पत्रक वाचल्यावर मी काल दहा वाजता डबा घेऊन आबासाहेबांच्या प्रचार कार्यालयात गेले. डब्याच्या झाकणावर "कुशाबाई ज. खबाले, कळस" असे नाव कोरलेले आहे. कुशाबाई या आबासाहेबांच्या आई. जोतीराम म्हणाले, "काकू, सुटलो बगा! ह्यो डबा घिऊन आज सभेत स्टेजवर चला. समद्यांची तोंडं बंद हुत्यात."

आबासाहेब म्हणाले, "न्हाय. वैनी स्टेजवर यायच्या न्हाईत. मी आलो न्हाई आसंच लोकांस्नी वाटू द्या. मतं जातील तर जाऊ द्यात."

मी म्हणाले, "आबा, तुमच्या सभेत मी बोलत न्हाय. पोलीस ठाण्यात बोलते. तितं तुमचं चालत न्हाय." यावर जोतीराम हसले. आबासाहेब हसले नाहीत. त्यांनी मला घरापर्यंत गाडी दिली, तिच्यावरचा झेंडा आधी काढायला लावला.

मी आबासाहेबांना मत देणार आहे. हे लिहायची गरज नाही, असे जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस बाईंनी सांगितले. परंतु मी ते लिहावयास लावले आहे, कारण मी कोणाच्या बाजूची आहे हे लपवून बोलले, तर माझ्यात आणि त्या बिननावाच्या पत्रकात फरक राहणार नाही.

माझी तक्रार एवढीच आहे की, माझ्या मयत पतींचे नाव ज्याने वापरले, त्याने स्वतःचे नाव खाली घालावे. पत्रक हजर केले आहे.

डबाही हजर केला आहे. साडेतीन महिने तो परत का दिला नाही, असे विचारल्यावरून सांगते की, भरून आलेले भांडे रिकामे परत देत नाहीत. मी सकाळी एक भाकरी करते. तीच दोन वेळा पुरते. डब्यात घालण्याजोगे काही उरत नाही.

मतमोजणी झाली की डबा मला परत मिळावा. त्याआधी तो कळसला गेला, तर त्याचाही प्रचार होईल. आबासाहेब निवडून आले काय किंवा पडले काय, मी त्या दिवशी चार पुडांचा स्वयंपाक करणार आहे.

हा जबाब मला बाईंनी वाचून दाखवला. नंतर मी तो मागून घेऊन स्वतः मोठ्याने वाचला. मोठ्याने वाचल्याशिवाय मजकूर पक्का झाला, असे आमच्या घरी धरत नसत. मी सांगितले तसाच लिहिला आहे, बरोबर आहे. अंगठ्यासाठी सोडलेल्या जागेत मी सही केली आहे.

शालन सर्जेराव लोंढे