खळीच्या बादलीतला पेला

...आणि वर चहासुद्धा बंद! अहो, मी लाँड्रीवाला माणूस, दिवसभर इस्त्रीच्या वाफेत उभा, मला चहा नको? पण तुम्हाला सांगतो, चूक माझीच. दवाखान्याचे पांढरे कोट पोचवायला गेलो आणि डॉक्टरांना सहज बोलून गेलो, हल्ली थकवा येतो. बायको शेजारीच! डॉक्टर म्हणाले, "गोळ्या कशाला? अँटिऑक्सिडंट घ्या. फळं, भाज्या, सगळं नैसर्गिक. जितका गडद रंग, तितका गुण!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून घरात पांढरं काही शिजेना. जांभळा कोबी, काळी द्राक्षं, आणि तो बीट-डाळिंबाचा रस... घट्ट, मातकट, पेलाभर! "अहो, प्या. जितका गडद रंग, तितका गुण!" अगं, आयुष्यभर लोकांचे डाग काढून पोट भरलं, आता तेच डाग पोटात घालू? पण ऐकतंय कोण! पेला घेऊन दुकानात येते, समोर उभी राहते... "तळ दिसला पाहिजे!"

त्या दिवशी तिला शेजारणीनं हाक मारली, ही वळली, आणि मी मागच्या बादलीत पेला उपडा केला! चेहरा असा, की नुकतं अमृत प्यायलोय. ही खूश, मी खूश. ही गेली आणि आठवलं... बादली खळीची! आत डॉक्टरांचे सात कोट!

साबण लावला, लिंबू चोळलं, मीठ चोळलं, तीनदा धुतले... कोट गुलाबी ते गुलाबीच! अहो, दुकान चालतं त्या एका दवाखान्यावर. ते काम गेलं की दुकानाला टाळं! रडू आलं हो, खोटं नाही सांगत.

गठ्ठा घट्ट बांधून गेलो. ही सोबत, तिला डॉक्टरांना विचारायचं होतं, रस वाढवू का! गठ्ठा सुटला. डॉक्टर म्हणाले, "हे काय?" काय सांगू? गप्प बसलो तर काम जातंय, बोललो तर संसार! शेवटी ओकलो सगळं... "रस... बादलीत ओतला."

वाटलं, आता ही मला उभा पिळणार. तर हिनं कोट उजेडाकडे धरला. "एकच पेला होता ना?"

"एकच गं..."

"बघा डॉक्टर! एका पेल्यात सात कोट रंगले, तीनदा धुऊन रंग हलत नाही... अंगात गेला तर काय काम करील!"

डॉक्टर खुर्चीतून उठलेच! "वा वहिनी! जितका गडद रंग, तितका गुण! राहू देत, हेच कोट घालतो. पेशंटला दाखवायला बरे!"

आता प्रत्येक पेशंट विचारतो, कोट गुलाबी का? डॉक्टर माझी गोष्ट सांगतात, आणि माणसं थेट दुकानात... "काय मालक, आजचा पेला झाला का?" ही आता रोज दोन पेले आणते, आणि प्यायलो की चारचौघांत "आ" करायला लावते. काम वाचलं हो... मी तेवढा नाही वाचलो.